एक ‘नॉट’ राहून गेला

(मलकापूर, ता. कराड इथे नोकरी, शिष्यवृत्ती आणि परदेशी शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या तरुण-तरुणींसमोर झालेलं भाषण. बोलण्याचा ओघ होता तसाच ठेवला आहे.)

 

मला फोनवर सांगितलं गेलं की, पोरांना इंग्रजी व्याकरण शिकवा. मी म्हटलं, दीड तासात ते मला काय, कुणालाच जमणार नाही. त्यासाठी शाळेत सर-मॅडम असतात, घरात वडिलांच्या वेळची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पडलेली असते, रेन अँड मार्टिन असतं. शिवाय महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्या पिढीला ते पाचवीत भेटलं. म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा चार वर्षं पुढे आहात. नियम तुम्हाला माहीत असतात. तरी अर्ज चुकतो. मला बोलायचंय ते या ‘तरी’बद्दल. जी चूक चूक आहे हे आपल्याला माहीत असतं, ती आपल्याच कागदावर आपल्याला का दिसत नाही आणि ती दिसावी म्हणून काय करायचं, एवढाच आजचा विषय.

मी मुद्रितशोधक आहे. छापायला जाणारा मजकूर वाचून चुका काढायच्या, हा माझा धंदा. दुसऱ्यांच्या चुकांवर आमचं घर चालतं. पण या धंद्यात मी आलो तो स्वतःच्या एका चुकीमुळे, ती आधी सांगतो.

मी टी.वाय.ला असताना अब्बा गेले. त्यांच्या फंडाची रक्कम आईला मिळायची होती. सहा महिने झाले, काही नाही. शेजारचे एक चाचा म्हणाले, “इंग्लिश में अर्जी दे, साहेब लोग डरते.” घरात कॉलेजला जाणारा मी एकटा. दोन रात्री बसून अर्ज लिहिला, तीन वेळा वाचला, मग टाइप करून घेतला आणि परत वाचला. कुठल्या ऑफिसात दिला ते सांगत नाही, ते महत्त्वाचं नाही. अकरा महिने उत्तर आलं नाही. शेवटी एका ओळखीच्या माणसाला घेऊन गेलो तेव्हा फाइल निघाली. माझ्या अर्जावर शेरा होता: अर्जदाराच्या म्हणण्यानुसार रक्कम प्राप्त झाली आहे, सबब अर्ज दप्तरी दाखल.

मी म्हटलं, असं मी लिहिलंच नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. ‘माय मदर हॅज रिसीव्ह्ड द अमाउंट टिल टुडे.’ ‘नॉट’ नव्हता. चार वेळा वाचलेल्या वाक्यात ‘नॉट’ नव्हता, आणि चारही वेळा मी तो वाचला होता! घरी आलो तर आई एवढंच म्हणाली, “पैसे मिले नै करके लिख्या था ना तू?” काय सांगणार तिला.

क्लार्कने जरा डोकं चालवायला हवं होतं का? हवं होतं. पैसे मिळाले असतील तर अर्ज कशाला केला असेल, एवढा प्रश्न त्याला पडायला हरकत नव्हती. पण कागद माझा होता आणि खाली सही आईची होती.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, ही गोष्ट मला पुढे धंद्यात आल्यावर कळली. १६३१ साली लंडनमध्ये राजाच्या छापखान्यात बायबलची एक आवृत्ती छापली गेली. दहा आज्ञांपैकी व्यभिचार करू नकोस ही जी आज्ञा आहे, तिच्यातला ‘नॉट’ गळला. आज्ञा झाली, व्यभिचार कर. छापणाऱ्या बार्कर आणि लुकास यांना तीनशे पौंड दंड झाला आणि छपाईचा परवाना गेला. ज्या वाक्याची चूक पकडायला धर्मशास्त्र नको, व्याकरण नको, ते वाक्य छापून निघालं. कारण ते वाचणाऱ्यांना तोंडपाठ होतं. पाठ असलेलं आपण वाचत नाही, आठवतो. आणि स्वतः लिहिलेलं तर पाठच असतं.

तरावीहमध्ये इमामसाहेबांच्या मागे एक सामे उभा असतो, ते तुम्ही पाहिलंय. इमाम हाफिज असतात, अख्खं कुराण पाठ. तरी मागे ऐकणारा लागतो, चुकलं की लुकमा द्यायला. यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या अर्जाला मात्र आपण सामे ठेवत नाही.

आता ‘नॉट’कडे परत येतो. मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. रक्कम मिळाली नाही. ठसठशीत, सगळ्यात शेवटी, विसरणं अवघड. दखनीतही, मिले नै. इंग्रजीत तोच शब्द तीन अक्षरांचा होऊन वाक्याच्या पोटात लपतो. आपला डोळा शेवटाकडे बघायला सरावलेला असतो. म्हणून आपण इंग्रजीत ज्या चुका करतो त्या आळसाच्या कमी आणि आपल्या भाषांच्या जास्त असतात, हे माझं मत आहे. ते एकदा लक्षात आलं की चुका शोधायच्या कुठे हे कळतं.

पण त्याआधी एक आडवळण. जो अर्ज मराठीत चालतो तो इंग्रजीत लिहूच नका. राज्यघटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडायचं असेल तर केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. माहिती अधिकार कायदा २००५ चा, त्याच्या कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं स्पष्ट आहे. चाचांचं ऐकून मी जो अर्ज इंग्रजीत केला तो मराठीत केला असता तर आईचे अकरा महिने वाचले असते. इंग्रजी कुठे लागतं? परदेशी विद्यापीठ, आखातातलं हॉस्पिटल, पुण्या-बेंगळुरूची कंपनी, ईमेल. तिथे ते नीट लागतं.

तर आपल्या भाषा काय करतात ते बघू.

‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स.’ हे वाक्य मी दर आठवड्याला पाहतो. मराठीत आपण म्हणतो, दोन वर्षांपासून काम करतोय. घरी म्हणतो, दो साल से काम कर रहा. ‘करतोय’ वर्तमानकाळ, म्हणून ‘आय ॲम वर्किंग’. ‘पासून’ म्हणून ‘सिन्स’. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, दोन वर्षांपासून आणि २०२२ पासून. इंग्रजीत त्याचे दोन तुकडे होतात. सुरुवातीचा बिंदू सांगायचा तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. आणि क्रियापद ‘हॅव बीन वर्किंग’. बायोडेटात ‘सिन्स’ दिसला की तिथे बोट ठेवा आणि विचारा, पुढे तारीख आहे की कालावधी?

‘वन ऑफ माय फ्रेंड.’ मराठीत ‘माझा एक मित्र’, एकवचन, बरोबरच आहे. इंग्रजी म्हणतं, माझ्या मित्रांपैकी एक. म्हणून ‘फ्रेंड्स’.

‘आय डिड नॉट रिसीव्ह्ड.’ मराठीत भूतकाळ मुख्य क्रियापदात असतो, ‘मिळालं’. म्हणून हात आपोआप ‘रिसीव्ह’ला शेपूट लावतो. पण भूतकाळाचं ओझं ‘डिड’ने आधीच उचललेलं असतं.

‘लेट अस डिस्कस अबाउट’ यातला ‘अबाउट’ आपल्या ‘वर’मधून येतो, विषयावर चर्चा. ‘मॅरिड विथ’ हा ‘शी’मधून येतो, अमक्याशी लग्न. इंग्रजीत ‘डिस्कस’पुढे काहीच नको आणि ‘मॅरिड’पुढे ‘टू’.

आता एक गंमत, ही खास आपल्यासाठी. मी दोन गठ्ठे वेगळे काढून पाहिलेत, मराठी माध्यमातल्या मुलांचे आणि उर्दू माध्यमातल्या मुलांचे. उर्दू माध्यमातली मुलं बऱ्याचदा लिहितात, ‘सलीम लिव्ह्ज विथ हर मदर’. सलीमची ‘हर’ कशी झाली? उर्दूत आणि आपल्या दखनीत ‘उसकी माँ’. ‘उसकी’ हे आईमुळे स्त्रीलिंगी झालं. सलीम असो की सलमा, ‘उसकी’च. मराठीत मालकही दिसतो, त्याची आई, तिची आई. म्हणून मराठी माध्यमातली मुलं इथे कमी चुकतात. इंग्रजी फक्त मालकाकडे बघतं. तुमच्या घरात दखनी असेल, तर ‘हिज’ आणि ‘हर’ एकदा वेगळे तपासा. शिफारसपत्रात मुलाची मुलगी झालेली मी पाहिली आहे.

सगळ्यात छुपी चूक पुढची. ‘प्लीज इन्फॉर्म मी व्हेन विल द रिझल्ट बी डिक्लेअर्ड.’ चांगले शिकलेले लोक हे लिहितात. निकाल कधी लागेल? आणि, निकाल कधी लागेल ते कळवा. मराठीत दोन्हीकडे शब्दांची जागा तीच राहते. इंग्रजीत सरळ प्रश्न असेल तर ‘विल’ पुढे येतो, पण तो प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या आत गेला की ‘विल’ माघारी जातो: ‘व्हेन द रिझल्ट विल बी डिक्लेअर्ड’. चौकशीच्या ईमेलमध्ये ही चूक हमखास असते, कारण चौकशीचा ईमेल म्हणजे हेच वाक्य.

आणि ‘द लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स आर अटॅच्ड’. क्रियापदाला शेजारी ‘डॉक्युमेंट्स’ दिसले आणि ते त्यांच्या नादी लागलं. जोडली आहे ती यादी, एकच. तिथे ‘इज’.

‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांचं मी फार बोलणार नाही. आपल्या भाषांत ते नाहीत, त्यामुळे आयुष्यभर ते थोडे चुकत राहतात, माझेही चुकतात. एवढं मात्र पाळा की ‘ॲन’ अक्षर बघून नाही, आवाज ऐकून लावायचा. युनिव्हर्सिटीचं पहिलं अक्षर स्वर असलं तरी आवाज ‘यु’चा, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. एम.बी.बी.एस.चा आवाज ‘ए’ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन एम.बी.बी.एस. डॉक्टर’. इथे हॉस्पिटलजवळ राहणाऱ्यांना हे उपयोगी पडेल.

काही लोक ‘प्रीपोन’ आणि ‘कझिन ब्रदर’वर हसतात. मी हसत नाही. ‘प्रीपोन’ ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसलाय. आणि ज्या माणसाच्या भाषेत चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ असे वेगवेगळे शब्द आहेत, त्याला नुसत्या ‘कझिन’वर समाधान वाटणार नाही, हे साहजिक आहे. औपचारिक पत्रात टाळा, घरी खुशाल म्हणा. पण ‘मायसेल्फ सलीम’ कुठेच नको. ‘आय ॲम सलीम’, झालं.

विरामचिन्हं क्षुल्लक वाटत असतील तर अमेरिकेतल्या मेन राज्यातला एक खटला ऐका. ओकहर्स्ट नावाच्या डेअरीच्या गाड्या चालवणाऱ्यांनी ओव्हरटाइम मागितला. ज्या कामांना ओव्हरटाइम नाही त्यांची यादी कायद्यात होती, पण यादीतल्या शेवटच्या ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे मालाचं वितरण हे वेगळं काम धरायचं, की वितरणासाठी केलेलं पॅकिंग असा अर्थ घ्यायचा, हे स्पष्ट होईना. २०१७ साली अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला, आणि पुढच्या वर्षी कंपनीने पन्नास लाख डॉलरला तडजोड केली. गाड्या चालवणाऱ्या माणसांना एका स्वल्पविरामाने पैसे मिळवून दिले. मला ही गोष्ट फार आवडते.

व्याकरणाच्या जरा बाहेर जाऊन नावाबद्दल बोलतो, कारण आपल्यात ते व्याकरणाहून जास्त नडतं. मोहम्मदचं इंग्रजी स्पेलिंग किती तऱ्हांनी होतं? आधी ‘ओ’ की ‘यू’, शेवटी ‘ए’ की ‘ई’, शिवाय दोन-तीन अक्षरांची छोटी रूपं. शेखचं तसंच, सय्यदचं तसंच. त्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी आणि आधारवर ते शेवटी. यात कुठलंच स्पेलिंग चूक नाही, म्हणून चूक दिसत नाही. पण दोन कागदांवर दोन वेगळी असली की समोरच्या संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली तेव्हा १९ लाखांहून जास्त लोक बाहेर राहिले, आणि वडिलांचं नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं, ही तक्रार तिथे पुन्हा पुन्हा ऐकू आली. आपल्याकडे अजून वेळ आहे तर तो वापरा. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग एका कागदावर अक्षर-अक्षर सुटं लिहा आणि बाकीचे सगळे कागद त्याच्याशी ताडून बघा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा ती दुरुस्ती घाईत करू नका. तारखेचंही तसंच. ५/६ म्हणजे आपल्याला पाच जून, अमेरिकन माणसाला सहा मे. परदेशी अर्जात महिना अक्षरांत लिहा.

आता तपासायचं कसं. तुम्ही मलकापूरचे आहात, इथे चोवीस तास पाणी येतं आणि तेही मीटरवर. पाइपलाइनची गळती कशी शोधतात? सगळी लाइन एकदम बघत नाहीत. व्हॉल्व्ह बंद करून एकेक टप्पा वेगळा करतात. कागदाचंही तेच. एका वाचनात एकच चूक शोधायची. पहिल्या वाचनात फक्त क्रियापदं बघा. दुसऱ्यात फक्त ‘हिज’ आणि ‘हर’. मग फक्त आकडे, तारखा, नावं. एकदम सगळं शोधायला गेलात की मन गोष्टीत रमतं, आणि डोळा झोपतो.

लिहिल्या-लिहिल्या वाचू नका, रात्र जाऊ द्या. वेळ नसेल तर निदान फॉन्ट बदला, अक्षर मोठं करा, शक्य असेल तर पाच रुपये घालून प्रिंट काढा. पडद्यावर न दिसलेली चूक कागदावर दिसते, हा माझा रोजचा अनुभव आहे. मोठ्याने वाचा. खिळे जुळवायच्या काळात छापखान्यात एक जण मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रुफावर पेन्सिल धरून बसायचा. आज तो वाचणारा तुमच्या फोनमध्ये आहे, मजकूर वाचून दाखवायची सोय असते. तो यंत्रासारखाच वाचतो आणि तेच आपल्याला हवंय. तुमच्या मनातला ‘नॉट’ त्याला माहीत नसतो. आणि शेवटचं वाचन उलटं करा, शेवटच्या वाक्यापासून पहिल्याकडे. गोष्ट तुटते आणि वाक्य सुटं दिसतं.

जो शब्द चुकून दुसराच खरा शब्द होतो, तो सगळ्यात धोक्याचा. ‘फ्रॉम’चा ‘फॉर्म’ होतो, दोन अक्षरांची अदलाबदल. ‘लूज’ एका ‘ओ’ने म्हणजे गमावणं, दोन ‘ओ’ने म्हणजे सैल. हायवेच्या कडेला दुकानांच्या पाट्या वाचत या: वह्या-पेनांच्या ‘स्टेशनरी’त ‘ई’ हवा, तिथे ‘ए’ टाकला तर अर्थ होतो एका जागी थांबलेलं. दुकान थांबलेलंच असतं म्हणा, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही.

मोबाइलमध्ये आता सगळं दुरुस्त करून मिळतं, मग हे कशाला, असं तुमच्यातल्या निम्म्यांच्या मनात आलंय. वापरा, मीही वापरतो. ‘सिन्स टू इयर्स’ ते पकडेल. ‘डिड नॉट रिसीव्ह्ड’ पकडेल. पण ‘माय मदर हॅज रिसीव्ह्ड द अमाउंट’ हे व्याकरणाच्या हिशेबात बिनचूक वाक्य आहे. त्यात चूक आहे हे कळायला आईला पैसे मिळाले नाहीत हे माहीत असावं लागतं. ते फक्त तुम्हाला माहीत असतं. दुसरं, सगळा अर्जच यंत्राकडून लिहून घेतलात तर तो गुळगुळीत होतो, आणि मुलाखतीत समोरच्याने त्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला की तोंड कोरडं पडतं. आधी स्वतः लिहा, स्वतः तपासा, मग त्याला दाखवा, आणि त्याने केलेला प्रत्येक बदल का केला ते बघून मगच घ्या. कधी कधी ते आपल्या आडनावाचीही दुरुस्ती करून टाकतं!

एक वही करा. सापडलेली प्रत्येक चूक तिच्यात लिहा. महिन्याभरात लक्षात येईल की तुम्ही शंभर चुका करत नाही, सात-आठच चुका शंभर वेळा करता. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर एकच शब्द आहे, तो कोणता ते तुम्हाला कळलं असेल. आजही काम हातावेगळं करण्याआधी मी शेवटचं वाचन फक्त त्याच्यासाठी करतो. प्रत्येक नकारावर पेन्सिलने गोल.

आईचे पैसे मिळाले का, हे विचारणार तुम्ही. मिळाले. दुसरा अर्ज मराठीत केला. दीड पानाचा होता, कॉलेजातल्या एका मित्राने वाचला, त्याने त्यात खात्याचा नंबर चुकल्याचं दाखवलं. नंबरमधला एक शून्य मी खाल्ला होता.

बरं. तुम्हाला प्रत्येकाला स्वतःचा एक अर्ज किंवा बायोडेटा आणायला सांगितला होता. काढा. पेन्सिली पुढून मागे येऊ द्या. पहिली दहा मिनिटं फक्त क्रियापदं, दुसरं काहीही दिसलं तरी हात लावायचा नाही. मग कागद शेजारच्याकडे द्यायचा.